बुडालं तर सरकार आहे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. पोलिसांना तर उलटंच सांगितलं, आणि त्याखाली सहीसुद्धा केली. चार वर्षं होऊन गेली. या चार वर्षांत एकदाही कुणी दारावर जोरात थाप मारली आणि माझ्या पाठीत कळ गेली नाही, असं झालेलं नाही. मुलगी बाथरूमचं दार वाजवते — "बाबा, फास्ट ना, मला उशीर होतोय" — आणि मी आत भिंतीला टेकून उभा असतो. घामाने भिजलेला. तिला काय सांगू?

तुम्हाला सांगतो. सरळ सांगता येईल असं वाटत नाही, पण सांगतो.

मी सिंगापूरमध्ये एका बँकेत आहे. मूळचा पुण्याचा. राहतो पासिर रिसला, ऑफिस हार्बरफ्रंटला. एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. माझं काम छोट्या धंद्यांना कर्ज देणं. छोट्या धंद्याकडे तारण ठेवायला फारसं काही नसतं, म्हणून बँका त्याला दारात उभं करत नाहीत. त्यावर सरकारने एक तोडगा काढला होता — जोखीम वाटून घ्यायची. कर्ज बुडालं तर नुकसानीचा मोठा वाटा सरकारी निधी उचलणार, उरलेला बँक. बँकेची भीती कमी झाली, पैसा सुटला, कितीतरी लोकांचे धंदे उभे राहिले. योजना चांगली होती. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे जे झालं त्याचा दोष योजनेवर ढकलायची मला फार सवय लागली आहे.

पण वाटणी कुणाकुणात? सरकारात आणि बँकेत. कर्ज घेणारा त्या वाटणीत नाही. त्याने सगळंच फेडायचं. सरकारने बँकेला तिचा वाटा दिला तरी बँकेने त्याच्यामागे लागायचं, आणि ज्याने स्वतःच्या नावाने हमी दिली आहे त्याला सोडायचं नाही. हे एवढं वाक्य समोरच्याला नीट सांगणं, हेच माझं काम होतं. आणि ते सांगितलं की लोक हातातलं पेन खाली ठेवतात.

विलास शिर्के कोल्हापूरचे. बाविसाव्या वर्षी डिप्लोमा घेऊन इथल्या शिपयार्डात आले, वेल्डिंगच्या कामावर सुपरवायझर झाले, पुढे इथलेच नागरिक झाले आणि काकी बुकित भागात स्वतःचं वर्कशॉप काढलं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, आणि रेस्टॉरंटांत चुलीवर धूर ओढायचे जे स्टीलचे हूड असतात, ते बनवायचे. हाताखाली सात-आठ माणसं. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांच्या बायकोला, सुमनला, वहिनी. दर रविवारी नाही, पण महिन्यातून एकदा तरी त्यांच्या घरी तांबडा रस्सा असायचा आणि आमच्यासारखी तीन-चार मराठी घरं तिथे जेवायची. मी त्यांच्या ताटात जेवलो आहे. त्यांनी मला कधी वाढून घे म्हटलं नाही, स्वतः वाढलं.

दादा कर्जाला भिणारे. जुनी मशीन घेऊन, दुरुस्त करून त्यांनी धंदा चालवला होता. पण फूड कोर्टांची साखळी चालवणाऱ्या एका कंपनीने त्यांना मोठी ऑर्डर देऊ केली आणि त्यासाठी पत्रा कापायचं लेसर मशीन हवं होतं. ते माझ्याकडे आले. म्हणजे — नाही. मीच त्यांच्याकडे गेलो. त्या तिमाहीत माझ्या नावावर या योजनेतली पुरेशी कर्जं झाली नव्हती, आणि रश्श्याच्या ताटावर मी विषय काढला. हेही आजच पहिल्यांदा लिहितो आहे.

सह्यांच्या दिवशी आम्ही चौघं होतो. दादा, वहिनी, मी आणि माझी सहकारी जॉसलिन. जॉसलिन इथलीच, चिनी घरातली, माझ्याहून आठ वर्षांनी लहान, कामात काटेकोर. हमी म्हणजे काय हे हमीदाराला समजावून सांगणाऱ्या अधिकाऱ्याची कागदावर सही लागते. गिऱ्हाईक मी आणलेलं, म्हणून नियमाप्रमाणे ती सही दुसऱ्या कुणाची तरी हवी. जॉसलिनने कागद उघडून इंग्रजीत वाचायला सुरुवात केली. मी तिला थांबवलं. म्हटलं, मी यांच्या भाषेत सांगतो, त्यांना ते बरं पडेल. तू फक्त सही कर. तिने माझ्याकडे पाहिलं. "हमीचा भाग पूर्ण सांगशील ना?" मी हो म्हटलं. तिने विश्वास ठेवला. का ठेवू नये?

दादांनी विचारलं, "आणि बुडालं तर रे?"

मी म्हणालो, "बुडालं तर सरकार आहे की, दादा. त्यासाठीच तर ही योजना. तुमच्या अंगावर फार काही येत नाही."

वहिनींनी विचारलं, "मग माझी सही कशाला?"

"फॉर्मॅलिटी, वहिनी. कंपनीत तुमचं नाव आहे ना, म्हणून."

खोलीत मराठी कळणारे आम्ही तिघंच होतो. जॉसलिन शांतपणे बसली होती. पुढे तिने माझ्या शब्दावर सही केली.

दीड वर्ष बरं गेलं. मग त्या फूड कोर्टवाल्या कंपनीने एकेक ठिकाण बंद करायला घेतलं आणि शेवटी सगळंच गुंडाळलं. दादांचे हूड अर्धे लागलेले, अर्धे वर्कशॉपमध्ये पडून. हप्ते थकले. बँकेने नोटिसा दिल्या, निधीकडून आपला वाटा मागितला, मिळाला, आणि नियमाप्रमाणे हमीदारांच्या मागे लागली. दोघांच्या. दादांनी मला फोन केले. मी उचलले नाहीत. एकदा-दोनदा नाही, तीन आठवडे. फोन टेबलावर थरथरायचा, "शिर्केदादा" असं नाव उजळायचं आणि मी तो पालथा करून ठेवायचो.

वहिनी एका चाइल्डकेअरमध्ये काम करायच्या. दिवाळखोरीच्या कारवाईचा कागद त्यांच्या हातात तिथे पडला, लहान मुलांच्या घोळक्यात. एक मूल रडायला लागलं म्हणून त्यांनी त्याला आधी उचलून घेतलं, आणि मग कागद वाचला. हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी दादा ऑफिसला आले. दुपारची वेळ, सगळे जेवायला खाली गेलेले. मजल्यावर मी आणि जॉसलिन, बाकी कुणी नाही. ओळखीचे म्हणून रिसेप्शनने त्यांना वर सोडलं. हातात कापडी पिशवी होती. मला वाटलं, कागदपत्रं असतील.

ते ओरडले नाहीत. माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि विचारलं, "सरकारने भरले का नाही?"

मी म्हणालो, "दादा, बसा."

"भरले का नाही?"

"त्यांचा वाटा भरला."

"मग माझ्या बायकोला दिवाळखोर कुणी ठरवायला घेतलंय? तूच सांगितलं होतंस ना रे? माझ्या समोर बसून?"

पिशवीत हात गेला आणि हातोडा बाहेर आला. पत्रा ठोकायचा, आखूड दांड्याचा. त्यांच्या हातात तो शेकडो वेळा पाहिला होता मी. त्यांनी तो माझ्या टेबलावर एकदा आपटला. काच तडकून तिची नक्षी झाली आणि एक कपची माझ्या गालाला लागली. गालावरून रक्त ओघळलं. मी उठून मागे सरकलो. एवढ्यात जॉसलिन आवाज ऐकून पलीकडच्या रांगेतून आली. "प्रशांत? तू ठीक आहेस ना?"

आणि मी — इथे मला थांबायला होतं. दरवेळी मनात म्हणताना इथेच थांबतो. पण आज थांबणार नाही.

मी तिच्याकडे बोट दाखवलं. मराठीत म्हणालो, "दादा, कागद हिने समजावून दिलेत. सही हिची आहे. हिला विचारा."

जॉसलिनला एक अक्षर कळलं नाही. तिला वाटलं, मी तिची ओळख करून देतोय. तो माणूस चिडलेला आहे, त्याला शांत करायला हवं, म्हणून ती हसली. मान किंचित लववली आणि म्हणाली, "हॅलो, मिस्टर शिर्के."

पहिला घाव तिने हात वर केला म्हणून कोपराखाली बसला. हाड मोडताना आवाज होतो. ओलं लाकूड मोडल्यासारखा वाटत असेल तुम्हाला, तसा नाही, बारीक, कोरडा. तिचा हात मधेच, जिथे सांधा नाही तिथे वाकला. ती ओरडली नाही, तिने हाताकडे पाहिलं. दुसरा घाव जबड्यावर. तिसरा कानाच्या मागे, आणि तो बसल्यावर ती खुर्चीसकट खाली गेली. तिचे दात — दोन की तीन — करड्या कार्पेटवर पडलेले मी पाहिले. रक्त उडून प्रिंटरवर, कागदांवर, माझ्या शर्टाच्या बाहीवर आलं. दादांचा चेहरा रागाचा नव्हता. काम करताना ते जसे दिसायचे तसेच दिसत होते. दर घावानंतर हातोडा उचलून ते नेम धरत होते.

मी फाइलींच्या खोलीत शिरलो. दार लागलं. सगळं शांत झाल्यावर बाहेर आलो तेव्हा खालचा सुरक्षारक्षक आणि शेजारच्या ऑफिसातले दोघं आलेले होते. दादा भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते, हातोडा मांडीवर. त्यांनी तो स्वतःच रक्षकाकडे सरकवला. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "पोरीला आधी बघा."

पोलिसांना मी सांगितलं ते असं: शिर्के एकाएकी आले, हल्ला केला, सहकारी मधे आली. बोट का दाखवलं? कॅमेऱ्यात ते दिसत होतं, आवाज नव्हता. मी म्हणालो, मी तिला लांब जा म्हणून खुणावत होतो. तुम्ही मराठीत काय बोललात? "शांत व्हा, असं म्हणालो." सह्यांच्या वेळी हमीबद्दल काय सांगितलं होतं? "कागदावर आहे तेच." कागदावर जॉसलिनची सही होती. अधिकारी तरुण होता, सभ्य होता, त्याने मला पाणी दिलं. माझ्या गालाला तीन टाके पडले होते आणि मी पीडित होतो.

जॉसलिनवर चार शस्त्रक्रिया झाल्या. जबड्यात पट्ट्या घातल्या. एका कानाने तिला आता ऐकू येत नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांत जोर नाही. मी फुलं घेऊन गेलो होतो. तिला काहीच आठवत नव्हतं. सकाळी कॉफी घेतली इथवर आठवत होतं, पुढे कोरं. तिच्या आईने माझा हात धरला आणि तू वाचलास हे चांगलं झालं म्हणाली. डॉक्टरांनी बाहेर सांगितलं की तो भाग तिला कदाचित कधीच आठवणार नाही. ते ऐकून मला काय वाटलं असेल? सांगतो. सुटल्यासारखं वाटलं. लिफ्टमध्ये माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याचं होतं.

खटला उभा राहायच्या आधी वहिनी मला भेटायला आल्या. घरी वर आल्या नाहीत. आमच्या ब्लॉकखाली, दगडी टेबलाशी बसून राहिल्या आणि फोन केला. माझी बायको मेधा म्हणाली, मीही येते. मी तिला नको म्हटलं. वहिनींनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ह्यांनी जे केलं त्याची शिक्षा होऊ दे. त्या मुलीचा फोटो मी पाहिला. मला रात्रंदिवस तीच दिसते. मी सोडवा म्हणायला नाही आले."

मी समोरच्या बाकावर बसलो.

"पण तुम्ही सांगितलेलं तेवढं कोर्टात सांगा. सरकार आहे, अंगावर येत नाही, असं तुम्ही म्हणालात. वकील म्हणतात, त्याने गुन्हा पुसला जात नाही, पण शिक्षा थोडी कमी होईल. आमचं दोघांचं कुणी धरत नाही. कागदावर सही आहे ना, समजावल्याची."

मी म्हणालो, "वहिनी, दादांच्या काहीतरी ऐकण्यात चूक झाली असेल. ते त्या दिवशी भानावर नव्हते."

"हातोड्याच्या दिवशी नव्हते," त्या म्हणाल्या. "सहीच्या दिवशी मी होते ना. मी भानावर होते."

शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे पट खेळत होते. सोंगट्या आपटत होत्या. मी म्हणालो, "बघतो." एवढंच. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि एमआरटीच्या दिशेने गेल्या. मी बघितलं नाही. म्हणजे काही केलं नाही. माझा इथे राहण्याचा पास नोकरीवर आहे, नोकरी गेली की महिन्याभरात देश सोडावा लागतो, मुलीची शाळा इथे आहे — हे सगळं तेव्हा मी स्वतःला सांगितलं. ते सगळं खरं होतं. आणि त्यातल्या एकाही गोष्टीसाठी मी गप्प बसलो नाही. मी गप्प बसलो कारण एक गोष्ट सांगितली असती तर पुढची विचारली गेली असती.

दादांनी गुन्हा कबूल केला. मी त्यांच्याशी केव्हा काय बोललो, हे त्यांनी आपल्या जबाबात सांगितलं होतं. मी नाकारलं होतं. गोष्ट तिथेच मिटली. कित्येक वर्षांची कैद, आणि वेताचे फटके. पन्नाशी उलटलेल्यांना इथे फटके मारत नाहीत. दादा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

फटके कसे मारतात ते मी वाचलं आहे. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, फोन टेबलाखाली धरून. माणसाला चौकटीला बांधतात. कमरेवर गादी बांधतात, मूत्रपिंडाला लागू नये म्हणून. वेत भिजवलेला असतो. मारणारा शिकलेला असतो, पूर्ण अंग वळवून मारतो. कातडी फाटते. डॉक्टर शेजारी उभा असतो. मी ते वाचलं आणि जेवलो. पुन्हा वाचलं. अजून वाचतो. मला वाटायचं, असं वाचणं म्हणजे काहीतरी भोगणं आहे. नाही. ज्याच्या कातडीला काही होत नाही त्याने वाचण्यात भोगणं कसलं?

वहिनींवर दिवाळखोरी लागली. चाइल्डकेअरची नोकरी त्यांनी सोडली की गेली, मला माहीत नाही. त्या कोल्हापूरला भावाकडे निघून गेल्या. बँकेने मला सहा महिने समुपदेशन दिलं आणि नंतर बढती. नवीन मुलांना ही योजना गिऱ्हाइकाला कशी समजावून सांगायची, हे मी आता शिकवतो. हमीचा भाग मी फार चांगला शिकवतो. कुणाला शंका राहत नाही.

आता ते राहिलेलं.

दार लागलं, असं मी वर लिहिलं. तसंच पोलिसांनाही सांगितलं होतं — आपोआप लागणारं दार, आतली कडी अडकली, घाबरलेल्या अवस्थेत मला उघडता आली नाही. त्यांना पटलं. घाबरलेल्या माणसाचे हात चालत नाहीत, हे कुणालाही पटतं.

कडीला काही झालं नव्हतं. दार मी लावलं. आणि जॉसलिन तिसऱ्या घावानंतर पडली होती, पण तिथेच राहिली नव्हती. ती उठली. मोडलेला हात पोटाशी धरून ती त्या दारापर्यंत आली, कारण मी आत जाताना तिने पाहिलं होतं. डाव्या तळहाताने तिने दार वाजवलं. तोंडात रक्त होतं, जबडा मोडलेला होता, तरी तिने माझं नाव घेतलं. नीट उच्चारता येत नव्हतं. तरी घेतलं. तीन वेळा. मी पाठ दाराला लावली, टाचा समोरच्या कपाटाच्या पायाला रोवल्या आणि अंगातला सगळा जोर मागे दिला. आत येऊ न देण्यासाठी — दादांना? ते अजून चार पावलं लांब होते. मला त्यांच्या पावलांचा आवाज येत होता. दार उघडून तिला आत ओढायला वेळ होता. मी मोजला आहे तो वेळ, नंतर, त्याच खोलीत, त्याच दारात उभं राहून. दोनदा उघडून दोनदा लावता आलं असतं.

मग घाव बसले. मला ते पाठीत जाणवले, दारातून. मधे ती होती.

तिसरं "प्रशांत" अर्धंच झालं.

आवाज थांबल्यावरही मी दार धरून होतो. कुणीतरी बाहेरून इंग्रजीत ओरडलं, उघडा, सुरक्षारक्षक आहे — तेव्हा मी सरकलो. दार आत उघडतं. ते उघडताना ती माझ्या पायांवर आली.

जॉसलिन आता दुसरीकडे नोकरी करते, वन-नॉर्थला. मागच्या वर्षी त्या नोकरीसाठी तिला शिफारस हवी होती, तर तिने माझं नाव दिलं. मी तिची भरपूर स्तुती केली. चिनी नववर्षाला तिचा मेसेज येतो. मी उत्तर देतो.

दादा अजून आत आहेत. बाहेर आले की मी त्यांना भेटेन, जॉसलिनला सगळं सांगेन, असं इथे शेवटी लिहायचं माझ्या मनात होतं. नाही लिहीत. मी स्वतःला ओळखतो. मी भेटणार नाही, आणि सांगणारही नाही.